साठी झाली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे फार सढळ हाताने वापरली जाते. वडिलांनी एकच गोष्ट दोनदा विचारली किंवा आई गॅसवर दूध ठेवून विसरली की घरातली तरुण मंडळी ही म्हण सुनावून मोकळी होतात. पुढे पुढे म्हाताऱ्या माणसांचाही तिच्यावर विश्वास बसतो. ‘डॉक्टर, वयच झालं आता, चालायचंच,’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकू येते. माझा या म्हणीवर राग आहे तो ती उद्धट आहे म्हणून नव्हे. तिच्यामुळे तपासणी थांबते म्हणून आहे. गुडघा दुखला तर माणूस डॉक्टरकडे येतो, पण विसरायला लागला तर त्याला आणत नाहीत. आणि विसरण्याच्या कारणांपैकी कित्येक कारणे गुडघेदुखीपेक्षा सहज बरी होणारी असतात.

वयाबरोबर मेंदूत नेमके काय बदलते ते प्रथम पाहू. मेंदूचे वजन साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के प्राणवायू हा एकटा अवयव वापरतो. वय वाढते तसा त्याचा वेग कमी होतो. नाव चटकन जिभेवर येत नाही, दोन कामे एकदम जमत नाहीत, नवी गोष्ट शिकायला जास्त वेळ लागतो. हे सर्वांचेच होते आणि त्यात रोग काही नाही. मात्र शब्दसंपत्ती, माणसांची पारख आणि अनुभवावरून निर्णय घेण्याची शक्ती उतारवयातही टिकते. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील सिएटल येथे १९५६ पासून त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी परीक्षा घेतली. बहुतेकांच्या बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून असतात आणि त्यानंतरची घसरणही माणसामाणसांत फार वेगवेगळी असते, असे त्यात दिसले. आपल्या बाजारपेठेतला सत्तरीचा किराणा दुकानदार पाहा. मोबाईलवर पैसे आले की नाहीत हे पाहायला त्याला नातवाला हाक मारावी लागेल. पण कोणाला उधार द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे त्याला जितके कळते तितके त्या नातवाला अजून वीस वर्षे कळणार नाही.

मग काळजी कधी करायची? चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे तुमचे-माझे सर्वांचे. चष्मा सापडल्यावर तो कशासाठी असतो हे कळेनासे झाले तर तो आजार. लग्नात भेटलेल्या पाहुण्याचे नाव आठवले नाही आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले, तर निश्चिंत झोपावे. पण पाहुणे दोन दिवस घरी राहून गेले हेच आठवत नसेल तर थांबू नये. ज्या गल्लीत तीस वर्षे काढली त्या गल्लीत वाट चुकणे, आयुष्यभर केलेल्या आमटीचा क्रम चुकणे, पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे न मागता निघून येणे, एकच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, ही लक्षणे वयाची नव्हेत.

आणखी एक लक्षण सांगितलेच पाहिजे, कारण त्याने घरे मोडतात. म्हातारी आपल्या पाटल्या फडक्यात बांधून धान्याच्या डब्यात ठेवते. ठेवल्याचे विसरते. चार दिवसांनी शोधते आणि त्या मिळत नाहीत. मग ‘सुनेने घेतल्या’ असे ती मनापासून, रडत, शेजारणींना सांगते. सून दुखावते, मुलगा मध्ये सापडतो, लेकी माहेरी येऊन भांडतात. पाटल्या यथावकाश डब्यात सापडतात, पण तोवर बोलणे बंद झालेले असते. गेल्या काही वर्षांत अशी तीन घरे मी पाहिली. ही म्हातारी खोटे बोलत नसते, तिला सुनेचा द्वेषही नसतो. आठवणीत जी भगदाडे पडतात ती मेंदू काहीतरी कथा रचून भरून काढतो. हा आजाराचा भाग आहे हे घरच्यांना वेळेवर कळले तर निम्मे भांडण तिथेच संपते.

एक ढोबळ आडाखा सांगतो. जो माणूस स्वतःच येऊन ‘डॉक्टर, मी फार विसरतो’ असे म्हणतो, त्याची मला सहसा कमी काळजी वाटते. जो म्हणतो ‘मला काही झालेलं नाही, हीच मला उगीच घेऊन आली,’ आणि मागे बायको डोळ्यांत पाणी आणून उभी असते, त्याला मी जास्त बारकाईने तपासतो. हा आडाखा आहे, नियम नव्हे.

दुरुस्त होणारा विसराळूपणा

वाचकांनी या लेखातले बाकी सारे विसरले तरी चालेल, पण एवढा भाग लक्षात ठेवावा.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणले. वय एकाहत्तर, शुद्ध शाकाहारी, पंधरा वर्षांचा मधुमेह. वर्षभरात त्यांच्यात फार बदल झाला होता. वर्तमानपत्र हातात धरून बसत, पण वाचलेले सांगता येत नसे. चालताना झोक जाई. घरच्यांनी वडिलांचे पासबुक काढून घेतले होते आणि शेताचे कागद मुलांच्या नावावर करण्याची बोलणी सुरू होती. दाखवायला आणले तेसुद्धा ‘यांची सही चालेल का’ हे विचारायला. मी तपासत असताना गुरुजी म्हणाले, ‘पायाला मुंग्या येतात, गादीवरून चालल्यासारखं वाटतं.’ या एका वाक्याने वाट दाखवली. रक्तात ब-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले होते.

ब-१२ धान्यात नाही, भाजीत नाही, डाळीत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी माणसात, त्यातही दूध कमी घेणाऱ्यात, ते कमी असण्याचा संभव जास्त. त्यात वयाबरोबर जठरातले आम्ल कमी झाले की अन्नातले ब-१२ सुटे होऊन अंगी लागत नाही. मधुमेहासाठी घेतली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी त्याचे शोषण आणखी कमी करते, आणि ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षे घेतली जाणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलही तेच करते. गुरुजींच्या बाबतीत ही सगळी कारणे एकत्र आली होती. इंजेक्शने सुरू केली. तीन-चार महिन्यांत झोक जाणे कमी झाले आणि ते पुन्हा वर्तमानपत्र वाचून त्यातल्या चुका मुलाला दाखवू लागले. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, कारण नसांना झालेली इजा उशिरा हाताशी आली तर ती पूर्ण भरून येत नाही. पासबुक त्यांच्याकडे परत गेले. शेताच्या कागदांचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

याचा अर्थ ब-१२ चे इंजेक्शन म्हणजे बुद्धीचे टॉनिक असा कोणी घेऊ नये. कमतरता असेल तरच त्याचा उपयोग. ‘लाल इंजेक्शन द्या, ताकद येते’ असे सांगत येणाऱ्या मंडळींना मी परत पाठवतो.

अशीच दुसरी कारणे आहेत. थायरॉईड ग्रंथी मंदावली तर माणूस सुस्तावतो, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठ होते आणि बोलणे-विचार करणे संथ होते. रक्ताच्या एका तपासणीत ते कळते आणि रोजच्या एका गोळीने सुधारते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि भरीला घरच्यांनी मीठ पार बंद केले असेल, तर रक्तातले सोडियम उतरते आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला मार लागला, त्या वेळी काहीच वाटले नाही आणि तीन आठवड्यांनी गुंगी, डोकेदुखी, बरळणे सुरू झाले, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असण्याची शक्यता असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका अधिक. सी.टी. स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने रक्त काढता येते. पण ‘पडल्याला महिना झाला, त्याचा आता काय संबंध’ म्हणून बरेचदा ते सांगितलेच जात नाही. विचारल्याशिवायही सांगावे.

मग औषधे. सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली झोप आणणारी गोळी, पोटात मुरडा आला की घ्यायची गोळी, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली गोळी, यांतली अनेक औषधे मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याचा मार्ग अडवतात, आणि आठवण साठवायला नेमके तेच द्रव्य लागते. तरुणाला त्याने नुसती झोप येईल, पण पंच्याहत्तरीच्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळेनासे होईल. झोपेसाठीची अल्प्राझोलाम तर अनेक घरांत कांद्या-बटाट्यासारखी आणली जाते. एकाने सुरू केली की शेजारीही घेतात. तिने स्मरण मंदावते, तोल जातो, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. मात्र ज्यांना ती बरेच दिवस चालू आहे त्यांनी हा लेख वाचून एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळूच कमी करावी लागते, नाहीतर त्रास होतो.

मनाचे दुखणेही बुद्धीच्या दुखण्याचे सोंग घेते. जोडीदार गेल्यावर माणूस गप्प होतो, विचारलेल्याचे ‘माहीत नाही’ एवढेच उत्तर देतो, जेवण कमी होते, पहाटे तीनला जाग येते. घरच्यांना वाटते की स्मरणशक्ती गेली. पुष्कळदा ते नैराश्य असते आणि त्याला उपचार आहेत. दवाखान्यात येण्याची लाज वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

या सर्वांपेक्षा वेगळी आणि अधिक घाईची गोष्ट म्हणजे अचानक झालेला भ्रम. काल चांगला असलेला माणूस आज असंबद्ध बोलतो, भिंतीवर माणसे दिसतात असे म्हणतो, दुपारी बरा असतो आणि रात्री अंथरुणातून उठून पळू लागतो. हा म्हातारचळ नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अंगारा लावायचा असेल तर अवश्य लावा, पण रुग्णालयाच्या वाटेवर लावा. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, रक्तातील साखर उतरणे, यांपैकी काहीतरी असते आणि ते त्याच दिवशी पाहावे लागते. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असे नाही, हेही ध्यानात असू द्यावे. साखर उतरण्याचे आपल्याकडचे खास निमित्त म्हणजे एकादशी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्यायचे आणि दिवसभर उपवास करायचा. देवाला असा उपवास मान्य असेल, मेंदूला नाही. साखरेशिवाय तो तासभरसुद्धा नीट चालत नाही.

कान, डोळे आणि रक्तदाब

आता ज्यांचे डोके आज ठीक आहे त्यांनी ते ठीक राहण्यासाठी काय करावे ते पाहू. जर्मन डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले, तो आणि त्याच्यासारखे दुसरे आजार मिळून स्मृतिभ्रंश होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांना तो आहे. ही संख्या अंदाजे ८८ लाख होते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर शंभरातल्या नव्वदाहून अधिक माणसांना तो नाही. म्हणीचा हिशेब इथेच चुकतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२४ मध्ये असे मांडले, की १४ कारणे आयुष्यभर काबूत ठेवली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येईल. तंबाखू ओढणे, अति मद्यपान, मधुमेह, लठ्ठपणा, डोक्याला मार, हवेतील प्रदूषण, वाढलेले कोलेस्टेरॉल, लहानपणी न मिळालेले शिक्षण, एकटेपणा ही त्यांतली काही. सर्व चौदांवर लिहीत बसत नाही. ज्यांच्याकडे आपल्या गावात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, त्यांच्याबद्दलच सांगतो.

पहिले कान. ऐकू कमी येणे म्हणजे गंमतीचा विषय, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात काय होते? शब्द अर्धवट ऐकू येतात, मेंदूची सारी शक्ती ते जुळवण्यात खर्च होते आणि ऐकलेले लक्षात ठेवायला ती उरत नाही. पुढे माणूस कंटाळून चारचौघांत बसणे सोडतो. घरचेही ओरडून सांगण्याचा कंटाळा करतात आणि महत्त्वाचे काही सांगेनासे होतात. मग ‘आजीला काही कळत नाही’ असे ठरते. तिला कळते, पण कोणी सांगितलेलेच नसते. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ माणसांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर श्रवणयंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकार वगैरेंमुळे मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा आधी कानातला मळ तपासून घ्यावा, कारण कधी कधी तेवढ्यानेच काम होते. नसेल तर श्रवणमापन करून यंत्र घ्यावे. यंत्र आणले आणि ‘फार आवाज होतो’ म्हणून दोन दिवसांत कपाटात ठेवले, असे करू नये. बरीच वर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाजाची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरातच, रोज थोडा थोडा वेळ लावावे.

मोतीबिंदूचेही तेच. ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता पिकेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अमेरिकेतील सुमारे तीन हजार ज्येष्ठांच्या पाहणीत, जी २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, मोतीबिंदू काढलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण न काढलेल्यांपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. ही नुसती पाहणी होती, प्रयोग नव्हे. तरी दिसू लागल्यावर माणूस वाचतो, फिरतो, पडत नाही, एवढा फायदा तरी निर्विवाद आहे.

रक्तदाबाबद्दल मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन, कारण ‘प्रेशर नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली’ हे अजून रोज ऐकतो. गोळी चालू होती म्हणूनच ते नॉर्मल आले होते. मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षे दाब जास्त राहिला की त्या जाड होतात, बुजतात, आणि कळणारही नाहीत असे छोटे छोटे झटके येऊन जातात. तोंड वाकडे होत नाही, हातपाय लुळे पडत नाहीत, पण विचार मंदावतो. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तेव्हा सौम्य विस्मरणाचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटले. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांनीच १२० गाठावे असे मी म्हणत नाही. ज्यांना उठताना चक्कर येते त्यांचा दाब फार उतरवणे धोक्याचे. आपला आकडा किती असावा हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण ही काळजी सत्तरीत सुरू करण्याची नसून चाळिशीत सुरू करण्याची आहे. वडिलांसाठी हा लेख वाचत असलेल्या मुलाने आज स्वतःचाही दाब मोजून घ्यावा.

चालणे, शिकणे, माणसांत असणे

मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा, करंगळीएवढा भाग असतो. नव्या आठवणी तिथे तयार होतात. उतारवयात तो दरवर्षी एक-दीड टक्क्याने आकसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंचावन्न ते ऐंशी वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे भरभर चालायला लावले. वर्षभराने त्यांचा हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र आकसला. भरभर म्हणजे किती, तर चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. देवळापर्यंत जाऊन तासभर पारावर बसून येणे हे चालण्यात धरू नये. पारावर बसण्याचा फायदा वेगळा आहे.

शब्दकोडी सोडवावीत का, असे पुष्कळजण विचारतात. आवडत असतील तर जरूर सोडवावीत. पण तीस वर्षे शब्दकोडे सोडवणारा माणूस शब्दकोड्यात तरबेज होतो, इतर गोष्टींत होईलच असे नाही. मेंदूला व्यायाम होतो तो अवघड आणि नव्या गोष्टीने. अमेरिकेत डलास येथे काही ज्येष्ठांना तीन महिने फोटोग्राफी किंवा गोधडी शिवायला शिकवले, काहींना नुसते गप्पा-सहलींसाठी एकत्र आणले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. आपल्याकडच्या ज्या आज्यांना डोळे मिटून गोधडी घालता येते त्यांनी अर्थातच दुसरे काही शिकावे. पेटी, मोडी लिपी, नातवाच्या पुस्तकातले गणित, बँकेचे मशीन, काहीही चालेल. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली पाहिजे. ती होत नसेल तर ते पुरेसे नवे नाही असे समजावे.

भाषेचेही असेच काहीसे दिसते. हैदराबाद येथे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला आढळला, आणि हे निरक्षरांतही दिसले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका स्पष्ट आलेला नाही. तरी मराठवाड्यात निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेली आणि घरी मराठी बोलणारी जी पिढी होती, किंवा सीमाभागात कानडी-मराठी एका दमात बोलणारी जी माणसे आहेत, त्यांनी यावर थोडे हसून घ्यायला हरकत नाही. अमेरिकेतच ६७८ जोगिणींचा अभ्यास १९८६ पासून झाला, त्यात मृत्यूनंतर मेंदू तपासले. काहींच्या मेंदूत आल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण जिवंतपणी त्या शेवटपर्यंत हुशार होत्या. आयुष्यभर वापरलेल्या मेंदूकडे शिल्लक जास्त असते आणि थोडा खर्च झाला तरी ते जाणवत नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

महर्षी कर्व्यांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि ते एकशेचार वर्षे जगले. हे उदाहरण द्यायचा मोह होतो, पण एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. एवढेच म्हणता येते, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना कोणी ‘तुम्ही आता निवांत बसा’ असे म्हटले असेल तर त्यांनी ते ऐकले नाही. आपल्या घरांतून प्रेमापोटी हेच केले जाते. आधी स्वयंपाकघर काढून घेतात, मग बाजारहाट, मग पासबुक. वापरणे थांबले की क्षमता खरोखरच कमी होते आणि मग ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असे म्हणायला मोकळे. दुधाचा हिशेब, विजेचे बिल, नातवंडांची शाळेची वेळ, यांतले काहीतरी त्यांच्याकडे राहू द्यावे. एखादी चूक झाली तर झाली.

आहाराबद्दल थोडक्यात: पालेभाज्या, डाळी, फळे, मूठभर शेंगदाणे, तळण आणि मीठ बेताने. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर हे सारे एकत्र करून पाहिले, तेव्हा उपयोग झाला. हे २०१५ मधले. म्हणजे एकाच पदार्थात जादू नाही. बदाम भिजवून खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. स्मरणशक्तीच्या गोळ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येतात, संपादकांची क्षमा मागून सांगतो की त्यांवर पैसे घालवू नयेत. जिंको नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या जगभर खपल्या. तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अमेरिकेत प्रयोग झाला आणि स्मृतिभ्रंश टाळण्यास त्यांचा उपयोग नाही, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले.

आणि सर्व तपासण्या होऊन आजार स्मृतिभ्रंशाचाच निघाला तर? तो पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ बरे वाटते. पण निदान लवकर झाले तर माणसाला स्वतःचे मृत्युपत्र, बँकेतील वारस, कोणाजवळ राहायचे, हे स्वतःच्या तोंडाने सांगता येते. घरच्यांनाही कळते की हा हट्टीपणा नाही. खिशात नाव आणि मुलाचा मोबाईल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, दाराची कडी जरा वर लावावी, आणि त्यांनी तोच प्रश्न सहाव्यांदा विचारला तर सहाव्यांदा उत्तर द्यावे. सांभाळणाऱ्या बाईला, कारण ती बहुधा बाईच असते, आठवड्यातून एक दुपार सुटी द्यावी.

आपल्या घरातल्या ज्येष्ठांना तपासायला आणाल तेव्हा त्यांच्याबरोबर जो रोज राहतो तो माणूस यावा, पुण्याहून सुटीवर आलेला मुलगा नव्हे. विसरणे कधीपासून सुरू झाले, हळूहळू की एकदम, मध्ये कुठे पडले होते का, हे आधी आठवून ठेवावे. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणाव्यात, शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा.